नाना, तू वाचलेली ओळ

नाना, काल तुझी गंधमुक्ती झाली. सगळा भोईवाडा आला होता, शहाद्याकडचे पाव्हणे आले होते, आणि वरणात मिरची कमी होती. तू पंगतीत असतास तर पहिल्या घासालाच नाक मुरडलं असतंस, आणि वाढणाऱ्याला विचारलं असतंस की मिरचीच्या गावाशेजारी राहून ही काय अवदसा आठवली. सगळे मुकाट जेवले आणि हात धुतले. तू गेलास हे मला त्या पंगतीत नीट कळलं.

मी मास्तर माणूस. लिहिणं हे माझं रोजचं काम, आणि ते मला चांगलं जमतं, हे सांगायला मी लाजत नाही. अर्ज, पत्रं, लग्नाच्या चिठ्ठ्या, आपल्या प्रकाशा गावातल्या निम्म्या घरांचं लिहिणं माझ्या हातचं आहे. तुला मात्र मी जन्मात एकच कागद लिहून दिला. त्या कागदाबद्दल एक गोष्ट तुला सांगायची होती. ती मी बारा वर्षं पोटात ठेवली, आणि काल भर बैठकीत सगळ्यांसमोर सांगितली. तुला सोडून सगळ्यांना सांगून झाली. ही उलटी रीत मला सहन होत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

तू खाडीवर पहिल्यांदा गेलास ते आठवतं? नंदुरबारच्या स्टेशनात सुक्या बोंबलांची पोती उतरताना पाहिलीस आणि हमालाला विचारलंस, हा मासा कुठला? तो म्हणाला, सुरतेच्या खालचा, तापी दर्याला मिळते तिथला. घरी येऊन तू जेवलाच नाहीस. आपली तापी, आपल्या दारावरून वाहते, हिवाळ्यात तिच्या डोहांत मासा उरत नाही म्हणून आपण हातावर हात धरून बसतो, आणि खाली तिच्याच पाण्यात लोक पोती भरतात, हे तुला खपलं नाही. दसरा झाला तसा तू आणखी चार घरांतले चार गडी घेतलेस, पाच घरांची सामाईक होडी नदीत लोटलीस आणि निघालास. कातळ लागला की होडी खांद्यावर, पाणी लागलं की पाण्यात. सोबत नंदुरबारी मिरच्यांचं एक पोतं होतं. तिथल्या माछी, म्हणजे कोळी, लोकांना तू ते पोतं दिलंस आणि त्यांनी तुला खाडीतल्या एका बेटावर जाळी बांधायचे खुंट रोवायला जागा दिली. काही लिहापढी नाही, साक्षीदार नाही. दर वर्षी एक पोतं, असा तो करार तुम्ही दोन्ही बाजूंनी पाळला.

होळीला परत आलास तेव्हा तू सांगितलेली गंमत मी अजून वर्गात सांगतो. जाळ्याचं तोंड तुम्ही नदीच्या सवयीने वरच्या अंगाला केलंत, पाण्याच्या येण्याकडे. सकाळभर जाळं फुगलं, मासा भरला, तुम्ही खूश. मग भरती सुरू झाली, पाणी उलटं वाहू लागलं, जाळं पिशवी झटकावी तसं उलटं झालं आणि सगळा मासा गेला बाहेर. पाच पिढीजात भोई चिखलात उभे राहून नुसते बघत राहिले. माछ्यांच्या बायका काठावर पोट धरून हसल्या. हे सांगताना तूही तितकाच हसलास आणि शेवटी म्हणालास, "मास्तर, नदीले एक तोंड राहस. खाडीले दोन तोंडं शेतस. आते माले समजनं."

आणि खरंच तुला समजलं. दुसऱ्या हंगामात तू त्या पाण्याचा जाणकार झालास. अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जोराने चढतं, गढूळ होतं, खुंटावरचं जाळं कोळंबीने भरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी मंद आणि निवळ, मासा शहाणा होतो, खुंट सोडून हातजाळ्याने बोय मासळी धरायची. उत्तरेचा वारा दोन दिवस टिकला तर मासा खोल जातो, जाळं टाकण्यात अर्थ नाही, झोपड्यांपाशी बसून जाळी शिवायची. हे सगळं तू अंगणात बसून सांगायचास आणि मी वहीत उतरवायचो. ज्या माणसाने समुद्र अडतिसाव्या वर्षी पाहिला तो असं बोलतो, याचा मला फार अभिमान वाटायचा. मी तो तुला कधी बोलून दाखवला नाही. त्याऐवजी तुझ्या चुका काढायचो. धाकट्या भावाला दुसरं येतं काय?

त्याच उन्हाळ्यात मी तुला वाचायला शिकवलं. म्हणजे तूच मागे लागलास. पाटी गुडघ्यावर घेऊन तू आधी आकडे शिकलास, मग अक्षरं. वहिनी तोंडाला पदर लावून हसायची आणि तू तिच्याकडे बघायचाही नाहीस. पुढच्या दसऱ्याला गडी होडी घेऊन नदीने गेले आणि मी तुला आगगाडीने सुरतेला पोचवायला आलो, तेव्हा प्रत्येक स्टेशनाची पाटी तू मोठ्याने वाचलीस. नवापूरच्या पुढे गुजराती पाट्या लागल्या आणि जमेना, तेव्हा तू माझ्यावर चिडलास, की शिकवायचं तर पुरतं का शिकवलं नाहीस! डब्यातले लोक हसत होते. तुझ्या चेहऱ्यावर जो तोरा होता तो मी फायनल पास झालो त्या दिवशी माझ्याही चेहऱ्यावर नव्हता.

आता कागदाचं. आमच्या शाळेत कोकणातले एक मास्तर होते. त्यांनी बोलता बोलता सांगितलं की भरतीची वेळ काढणं अगदी सोपं आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता पाणी पुरं भरणार, अष्टमीला सहा वाजता. मला हर्ष झाला. पाऊणकीचा पाढा तर मी रोज पोरांकडून घोकून घेत होतो, आणि त्याच्यात सगळा दर्या बसत होता! मी त्याच आठवड्यात पंधरा तिथींच्या पंधरा ओळी आखल्या, समोर वेळा लिहिल्या, आणि कागद तुला दिला. तू तो मेणकापडात गुंडाळून कमरेला लावलास. त्यावरून आपलं भांडण व्हायचं ते मात्र कायम. तू म्हणायचास, "परतेक खाडीना वखत आपला आपला राहस. माछी सांगतस." मी म्हणायचो, गणित नंदुरबारला एक आणि सुरतेला एक असं नसतं. तू गप्प बसायचास. पटलं म्हणून नव्हे, मास्तर बोलतोय म्हणून.

तिसऱ्या हंगामात नाताळच्या सुट्टीत मी तुझ्याकडे आलो. तोवर तू कागद फक्त तिथ्या मोजायला, रोज एक ओळ खाली जायला, वापरत होतास. वेळ बघायला तुझ्याकडे घड्याळच नव्हतं, वेळ तू पाण्याकडे बघून ठरवायचास आणि तुझं सगळं सुरळीत चाललं होतं. घड्याळ आलं ते माझ्या खिशातून.

पौष शुद्ध तीज. बाकीचे चौघे मासळी घेऊन बाजाराला गेले होते. मला तुझे खुंट बघायचे होते, म्हणून आपण दोघे होडीने बेटावर गेलो. चिखलाचं लांबट बेट, त्यावर ओळीने रोवलेले उंच खुंट, आणि खाली पुरुषभर उतारावर पाणी. तू पाण्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालास, "आज उधाण शे. हाई बेट बुडी जाई. देखी लिधं ना? चाल, माघारे जाऊत."

मी घड्याळ काढलं. एक वाजला होता. "कागद काय म्हणस?" मी विचारलं.

तू हात धोतराला पुसलेस, मेणकापड सोडलंस, ओळींवरून बोट खाली नेलंस आणि थांबून, अक्षर अक्षर लावून वाचलंस. "तीज. सव्वादोन."

मग मी तुला गणित समजावलं. अगदी फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. सव्वादोनला पाणी पुरं भरणार. आता एक वाजला. म्हणजे उरला सव्वा तास. सहा तासांच्या भरतीतले पावणेपाच तास संपले आणि पाणी अजून पुरुषभर खाली. मग उरलेल्या सव्वा तासात ते इथवर येईल कसं? आजचं उधाण लहान आहे. तू माझ्याकडे बघितलंस, पाण्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांना दिसत होतं ते एक आणि कागदावर होतं ते दुसरं. तू मान हलवलीस आणि म्हणालास, "मास्तरनं लिखेल शे, मंग बरोबरच व्हई."

होडी तू खालच्या खुंटाला बांधलीस. दोर आखूड ठेवलास, आपण नदीवर ठेवतो तसा. हिवाळ्यातली नदी रात्रंदिवस एकाच पातळीवर असते, तिथे लांब दोर ठेवला तर होडी भोवऱ्यात फिरत बसते. एरवी खाडीवर तू दोर लांब सोडायचास. त्या दिवशी सोडला नाहीस, कारण पाणी फारसं चढणारच नव्हतं. मी तसं सिद्ध केलं होतं.

आपण जाळ्याची शिवण बघत बसलो. सव्वादोन वाजले. पाणी बेटाच्या कडेला लागलं होतं आणि थांबत नव्हतं. मी म्हणालो, आता उतरेल. अडीच वाजता पावलं बुडाली. मी पुन्हा म्हणालो, आता उतरेल. होडीचं नाक आखूड दोराने खाली ओढलं गेलं, काठावरून पाणी आत शिरलं आणि ती आपल्या डोळ्यांदेखत भरली. तू पोहत गेलास, दोर कापलास, पण पाण्याने भरलेली होडी त्या ओढीत धरवते का? ती गेली. पाच घरांची होडी.

पुढचे दोन-अडीच तास मी विसरणार नाही, आणि ते आठवताना मला भीती वाटत नाही याचं श्रेय तुझं आहे. सगळ्यात उंच खुंटाच्या आडव्या बांधणीवर तू मला चढवलंस, स्वतःचा पटका सोडून मला खुंटाला बांधलंस आणि स्वतः खाली, छातीभर पाण्यात, खुंटाला मिठी मारून राहिलास. माझे दात वाजायला लागले तेव्हा ओरडलास, "पाढा म्हन, मास्तर! मोठ्यानं म्हन!" आणि माझ्या तोंडून निघाली ती पाऊणकीच. बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. तू खालून हो हो म्हणत होतास. पाणी तुझ्या हनुवटीला लागलं तरी म्हणत होतास.

पाच वाजून गेले तेव्हा ते थांबलं. जरा वेळाने एका माछी बाईने लांबून आपल्याला पाहिलं. ती आणि तिचा नवरा वल्ही मारत आले. येता येताच ती ओरडली, "ओ भाई, त्यां शुं करो छो? मरवुं छे?" तू तेवढ्यातही तिला म्हणालास, की नाही, मरायचं नाही, भावाला जाळं दाखवत होतो. मला होडीत आधी चढवलंस. तुझी बोटं खुंटावरून सुटेनात, ती एकेक करून तिने सोडवली. कमरेचं मेणकापड केव्हाच वाहून गेलं होतं.

त्या संध्याकाळी शेकोटीपाशी तू मला विचारलंस. आवाज अगदी साधा होता, जेवलास का विचारावं तसा. "बापू, मन्हं बोट खालनी ओळवर गयं का रे?"

मी म्हणालो, "गयं व्हई."

दोनच शब्द, नाना. तेव्हा मला खरं माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण तू बरोबर वाचलंस हे मला माहीत होतं, कारण तिजेचे सव्वादोन मीच लिहिले होते आणि दिवसभर तेच घोकत होतो. तरी मी म्हणालो, गेलं असेल. चूक कुठेतरी होती, आणि ती माझ्या कागदात नसावी, तुझ्या बोटात असावी, असं मला हवं होतं. मास्तरकीची एवढी घमेंड त्या वयात होती.

सुट्टी संपून शाळेत गेलो आणि कोकणातल्या मास्तरांना विचारलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, ते मुंबईकडचं पाणी! सुरतेला आखाताच्या आत भरती पोचायला अडीच-तीन तास जास्त लागणारच." माछी जे तुला सांगत होते तेच त्यांनी मला सांगितलं. त्या दिवशी मी तुला पत्र लिहायला हवं होतं. तुला वाचता येत होतं.

तू आणि गडी पायी आणि गाडीने परत आलात. होडी नसताना. पंचांसमोर तू उभा राहिलास, मी तुझ्या शेजारी होतो. तू म्हणालास, कागद बरोबर होता, मला वाचता आला नाही. कोणी तुला शिव्या दिल्या नाहीत. आपल्या वाड्याचे म्हातारे कारभारी दगडूबाबा एवढंच म्हणाले, "खारं पानी आपलं नही." झालं. त्यानंतर भोईवाड्यातून कोणी खाडीवर गेलं नाही. तू पाच घरांसाठी नवी होडी बांधून दिलीस, स्वतःच्या हाताने, दोन उन्हाळे खपून, पण पाणी बघणारा बसतो त्या तिच्या पुढच्या टोकाला कधी बसला नाहीस. मागे बसायचास. आणि पाटी तू वहिनीला देऊन टाकलीस, डाळीच्या मडक्यावर झाकण म्हणून. मी एकदा म्हणालो, नाना, पुन्हा बसू या का वाचायला? तू म्हणालास, "नको. अक्षर माले फसाडतस."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी शाळा चुकवणाऱ्या पोरासारखा विषय सोडून दुसरीकडे गेलो.

मी तुझ्यासाठी रडत बसणारा नाही. तू भरभरून जगलास, तापाचे चार दिवस सोडले तर कोणाकडून पाण्याचा तांब्याही मागून घेतला नाहीस. त्या खुंटावर मला बांधून तू मला पुढची सगळी वर्षं दिलीस. माझा संसार, माझी शाळा, मी शिकवलेली शेकडो पोरं, हे सगळं तुझ्या पटक्याच्या गाठीवर उभं राहिलं. हे मी तुला एकदा सांगितलं होतं आणि तू म्हणाला होतास, जास्त बोलू नको. ते सांगायला मला कधी अडचण आली नाही. उपकार मानणं सोपं असतं.

काल जेवणं झाली, कपाळाला गंध लागलं, आणि पुरुषमाणसं ओट्यावर बसली. तुझ्याबद्दल बोलणं निघालं. दगडूबाबा आता नव्वदीला आलेत. ते म्हणाले, "भला माणूस व्हता. पन खारा पानीमा त्यान्ही नजर चुकनी." सगळ्यांनी माना हलवल्या. बारा वर्षं ते हेच म्हणतात आणि सगळे माना हलवतात, आणि मीही त्यात असतो.

मी उभा राहिलो. म्हणालो, "नजर नही चुकनी. कागद चुकेल व्हता. तो मी लिखेल व्हता, आनि हाई माले बारा वरीसफाईन मालूम शे." मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, घड्याळ, गणित, आखूड दोर, शेकोटीपाशी तू काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं. वर्गावर बोलतो तसा बोललो, सगळ्यांना शेवटपर्यंत ऐकू जाईल असा. त्या हंगामात तुझ्याबरोबर गेलेल्या चौघांतले दोघे समोर बसले होते. एकाने मान वळवली. दुसरा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे नाना बरोबर व्हता? बेट बुडी जाई, आस तो बोलना व्हता?" मी म्हणालो, हो, पाण्याकडे एकदा बघूनच बोलला होता.

दगडूबाबांनी काठीवर हनुवटी टेकवली. "बारा वरीस," ते म्हणाले.

वहिनी दाराच्या आत बसली होती, बायकांमध्ये. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला बोल लावेल. तिने पदर सारखा केला आणि बाहेर न बघता म्हणाली, "भाऊजी, हाई तुम्ही त्यासले सांगाले जोयजे व्हतं. आमले सांगीसन काय?"

तिचं बरोबर आहे. शेकोटीपाशी तू विचारलंस त्याचं खरं उत्तर तुलाच द्यायचं राहिलं आहे. आता ओट्यावर कोणी नाही आणि मी हे मोठ्याने वाचतो आहे, नाना. पौष शुद्ध तीज, सव्वादोन. माझ्या हाताने तसंच लिहिलं होतं. तुझं बोट त्याच ओळीवर होतं. तू बरोबर वाचलंस.